दुसऱ्या पावडरीचे तीन दिवस

“झाकण उघडू नका म्हटलं ना. भात आहे का तो, शिजला का बघायला?”

कुमुद पडवीत खुर्चीवर बसली होती आणि मी खाली उकिडवा बसून डबा मांडीवर घेतला होता. दगड फिरवायला टाकून दोन दिवस झाले नव्हते आणि मी चौथ्यांदा मशीन थांबवलं होतं. आत राखाडी चिखल. त्यातून एक दगड बोटाने वर काढला, लुंगीला पुसला. होता तसाच ओबडधोबड.

“काही फरक नाही. रज्जाकने मोटार चुकीची लावली असणार.”

“उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग,” ती म्हणाली. “नदीला यांना एवढं गोल करायला हजारो वर्षं लागली, तुम्हाला परवा टाकून आज हवेत. लावा झाकण.”

मी लावलं. बटण दाबल्याबरोबर पुन्हा तो आवाज सुरू झाला, खरड-घळ, खरड-घळ, आणि कुमुद डोळे मिटून ऐकत बसली. लोकांच्या बायका रेडिओ ऐकतात, माझी दगड ऐकत होती.

याला आता नऊ वर्षं झाली. मला तेव्हा नेवासा एसटी स्टँडवरून कंट्रोलर म्हणून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. गाड्या लावायच्या, सोडायच्या, आणि उशीर झाला की पब्लिकच्या शिव्या खायच्या, यात माझी सगळी नोकरी सरली. कुमुद मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. प्रवरेच्या पात्रात गारगोट्या पुष्कळ. लाल, मधाच्या रंगाच्या, आत पट्टे असलेल्या. कुमुद त्यांना अकीक म्हणायची. मुलींची सहल नदीवर नेली की येताना हिची पिशवी जड. पलंगाखाली डालड्याचे पाच डबे भरले होते. मी म्हणायचो, लोकांच्या बायका माहेरून पापड-कुरड्या आणतात, आमची नदीवरून धोंडे आणते.

त्या उन्हाळ्यात तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. गाठ होती, काढली, संपलं, असं आम्हा सगळ्यांनाच सांगितलं होतं. घरी पडून असताना तिने मुलाच्या, हर्षदच्या, कॉम्प्युटरवर कुठेतरी वाचलं की असे दगड घरच्या घरी चकचकीत करता येतात. झालं. मग डेपोच्या वर्कशॉपमधल्या रज्जाक मिस्त्रीला बोलावणं गेलं. त्याने कूलरची जुनी मोटार, दोन रूळ आणि जाड प्लास्टिक पाइपाचा तुकडा यांतून मशीन बसवून दिलं. डब्याला आतून एसटीच्या ट्यूबचं रबर चिकटवलं. “बाई, ह्यात तुम्ही लोखंडसुद्धा घासाल,” म्हणाला.

रीत सोपी होती, पण चिकाटीची. डबा दोन तृतीयांश दगडांनी भरायचा, पाणी घालायचं, चमचाभर घासायची पावडर टाकायची आणि रात्रंदिवस फिरवत ठेवायचं. पावडरी चार. पहिली रव्यासारखी जाड, दुसरी त्याहून बारीक, तिसरी मैद्यासारखी, आणि चौथी गुलाबी, चष्म्याच्या काचांना झिलई देतात ती. मधे प्रत्येक वेळी एकेक दगड ब्रशने धुवायचा. जाड पावडरीचा एक कण जरी पुढे गेला तरी सगळ्यांवर ओरखडे. कुमुदने हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं आणि खाली लाल शाईने दोन रेघा मारून: प्रत्येक पावडर पूर्ण सात दिवस. घाई नाही.

तिला डबा उचलवत नव्हता, म्हणून डोकं तिचं आणि हात माझे. बासष्टाव्या वर्षी मी बायकोच्या वर्गात बसलो, आणि तिचा सगळ्यात ढ विद्यार्थी मीच.

रविवारी दगड टाकले होते. बुधवारी आम्ही तिला घेऊन नगरला गेलो. तिचे डोळे पिवळे दिसायला लागले होते. कावीळ असणार, दुसरं काय. डॉक्टरांनी मला आणि हर्षदला आत बोलावलं. कुमुद बाहेर बाकावर एका अनोळखी बाईला भुईआवळ्याचा रस कसा काढायचा ते सांगत होती, काचेतून मला दिसत होतं.

“यकृतात पसरलंय,” डॉक्टर म्हणाले. “तीन आठवडे. त्यापुढे मी काही सांगू शकत नाही.”

मी विचारलं, तीन आठवडे म्हणजे नक्की किती. माझ्या तोंडून तेच आलं. ते म्हणाले, “तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे, काका.”

बाहेर पडायच्या आधी हर्षदने माझा दंड धरला. त्याचे डोळे लाल झाले होते. “बाबा, आईला काही सांगायचं नाही. ती खचेल. कावीळ आहे म्हणायचं.”

मी मान डोलावली. आमच्याकडे असंच करतात. माझ्या वडिलांनाही आम्ही सांगितलं नव्हतं. ते जायच्या आदल्या दिवशीही कांद्याला पाणी दिलं का म्हणून विचारत होते, आणि आम्ही म्हणत होतो, तुम्ही उठलात की तुम्हीच द्या. त्यात काही चूक आहे असं तोवर मला कधी वाटलं नव्हतं.

“काय म्हणाले?” कुमुदने विचारलं.

“कावीळ. वेळ लागेल, पण होशील बरी.”

गाडीत ती मागे पडून होती. जरा वेळाने म्हणाली, “चला, बरंच झालं. घरी बसून चारही पावडरी होतील. मग जानेवारीत नदीवर जाऊ, पाणी उतरलेलं असतं.”

मी पुढे बसून मनात दिवस मांडत होतो. पहिल्या पावडरीचे उरलेले चार. पुढच्या तीन पावडरींचे एकवीस. पंचवीस. आणि डॉक्टरांचे एकवीस. बसत नव्हतं. मला त्या क्षणी एकच कळत होतं, की हिच्या हातात एक तरी चकाकता दगड ठेवल्याशिवाय हिला जाऊ द्यायचं नाही. आणि का घाई करतोय ते हिला कळूही द्यायचं नाही.

रविवारी पहिली पावडर संपली. कुमुदने खुर्ची मोरीजवळ घ्यायला लावली. चिखल मोरीत ओतायला निघालो तर ओरडली, सिमेंटसारखा घट्ट बसेल, शेवग्याखाली ओता. मग मी धुऊन देईन तो एकेक दगड ती भिंगाखाली धरायची. तडा गेलेले बाजूला काढले. कोपरे गेले होते, अंग गुळगुळीत लागत होतं. एक मधाळ रंगाचा दगड तिने गालाला लावला आणि मला म्हणाली, “बघा तरी.” इतकी खूश मी तिला हर्षद झाला तेव्हा पाहिली होती.

संध्याकाळी आम्ही दुसरी पावडर टाकली. तिने वहीत तारीख लिहिली.

सोमवारी तिचं पोट फुगलं आणि तिला नगरला दाखल करावं लागलं. पोटातलं पाणी काढायचं होतं. चार दिवस ती तिथे गुंगीत होती. रात्री हर्षद तिच्याजवळ थांबायचा, दिवसा मी, आणि संध्याकाळच्या गाडीने मी घरी यायचो. बुधवारी संध्याकाळी आलो, मशीन बंद केलं, दगड धुतले आणि तिसरी पावडर टाकली. दुसरीला तीन दिवस झाले होते. वहीत मी काही लिहिलं नाही.

शुक्रवारी तिला घरी आणलं. तिने पलंगावरून विचारलं, “दुसरी चालू आहे ना?”

“तिसरी.”

“तिसरी? इतक्यात कशी?”

“अगं, आठ दिवस होतीस तू तिथे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “आठ? मला तर चारच वाटले.”

“गुंगीत होतीस. तुला काय कळतंय.”

तिने बोटं मोजायला घेतली आणि मधेच सोडून दिली. “डोकं चालेनासं झालं बघा माझं,” म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

भिंतीवरचं कॅलेंडर मी आधीच काढून ठेवलं होतं. डोळ्यांना ताण नको म्हणून पेपर बंद केला होता. विश्रांती हवी म्हणून तिचा फोन हर्षद पुण्याला नोकरीवर परत जाताना घेऊन गेला होता. सगळा चोख बंदोबस्त.

पण त्या दिवसापासून कुमुद स्वतःवरच शंका घ्यायला लागली. “सकाळी मी चहा घेतला का हो?” “काल हर्षदचा फोन आला होता, की मला स्वप्न पडलं?” वीस वर्षांपूर्वीच्या मुलीचा हजेरी क्रमांक सांगणारी ही बाई. साध्या गोष्टी माझ्याकडून खात्री करून घ्यायची आणि मी सांगेन ते खरं मानायची. हे काही आजाराने झालेलं नव्हतं, हे मी केलं होतं. दिसत होतं मला, तरी मी गप्प राहिलो. तिसरीला पाच दिवस दिले, तिला सात सांगितले. मग गुलाबी पावडर. डबा फिरत होता आणि मी दिवस ढकलत होतो.

पुढच्या रविवारी दुपारी मी दगड काढले. साबणाच्या पाण्यात धुतले, ओट्यावर फडक्यावर पसरले. वाळल्यावर बघितले. गुळगुळीत होते, पण मंद. काच म्हणावी तर धुकं बसलेली काच. मी एक पुन्हा नळाखाली धरला. लगेच झळाळला, आतले पट्टे उठून दिसले. पाणी निथळलं की परत मेला.

मी एका वाडग्यात पाणी घेतलं, दगड त्यात टाकले आणि वाडगा तिच्याकडे नेला.

“झाले,” मी म्हणालो.

हर्षद त्या दिवशी नव्हता. घरात आम्ही दोघंच. मी तिला उशीला टेकवून बसवलं. तिने तो मधाच्या रंगाचा दगड बोटांनी शोधून काढला आणि हसली. मग तिने तो पदराने पुसला.

“ओला दगड कुठलाही छान दिसतो,” ती सहज म्हणाली, “वाळल्यावर दिसेल तो खरा.”

ती फुंकर घालत राहिली. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. तिने भिंग मागितलं. दगड खिडकीकडे धरून बराच वेळ बघितलं. मग दुसरा घेतला, मग तिसरा.

“यावर पहिल्या पावडरीचे ओरखडे तसेच आहेत,” ती म्हणाली. “दुसरी किती दिवस फिरली?”

“सात.”

“अहो.”

मी वाडगा जरा बाजूला सरकवला.

“खरं सांगा.”

“तीन.”

“म्हणजे मी दवाखान्यात चारच दिवस होते.”

“हो.”

“म्हणजे माझं डोकं ठीक आहे.”

“ठीक आहे.”

तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं, आणि मी मूर्ख, मला वाटलं निभावलं.

“मंत्र्याच्या पीएचा फोन आला तरी तुम्ही कधी गाडी वेळेआधी सोडली नाहीत,” ती म्हणाली. “मी स्वतः धावत येत होते तेव्हासुद्धा तुम्ही शेवगावची गाडी माझ्यासाठी एक मिनिट थांबवली नव्हतीत. तुमच्या अंगातच नाही ते. मग इथे कसली घाई झाली तुम्हाला?”

मी वाडग्यातल्या पाण्याकडे बघत होतो.

“किती दिवस सांगितलेत डॉक्टरांनी?”

तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. वर्गात प्रश्न विचारावा तसं विचारलं तिने. अठरा दिवस मी हर्षदशी कुजबुजत बोललो, शेजाऱ्यांना बजावलं, दूधवाल्याला बजावलं. कुणीही तोंड उघडलं नव्हतं.

“तीन आठवडे,” मी म्हणालो.

“कधी सांगितलं?”

“त्या बुधवारी.”

“हर्षदला माहितीये?”

“हो.”

“रज्जाकभाईंना?”

“हो.”

तिने दगड पांघरुणावर ठेवून दिला. “एकतीस वर्षं मी मुलींना निकाल दिले. नापास झालेलीलासुद्धा समोर बसवून, हातात देऊन. आणि माझा निकाल गल्लीत सगळ्यांना ठाऊक, मी सोडून.”

“तू खचली असतीस, कुमुद.”

“असते खचले. चार दिवस खचले असते, मग उठले असते. तुम्ही मला खचायचे दिवसही दिले नाहीत. त्या बुधवारपासून मी भुईआवळ्याचा रस पीत बसलेय. जानेवारीत नदीवर जायचं म्हणतेय. माझे शेवटचे दिवस मी बरं होण्यात घालवले.”

“काय केलं असतंस?” मी विचारलं.

“ते आता कसं सांगू? तेव्हा कळलं असतं तर तेव्हा सुचलं असतं.”

मग ती रडली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो, तिने तो बाजूला केला. त्या दिवशी ती माझ्याशी पुढे काही बोलली नाही. जेवणही शेजारच्या मंगलवहिनींच्या हातून घेतलं. मी पडवीत बंद मशीनजवळ बसून राहिलो. घर इतकं शांत होतं की मला ते सोसेना.

सोमवारी सकाळी तिने हाक मारली. “डबा भरा. दुसऱ्या पावडरीपासून परत.”

“अगं, पण त्याला तीन आठवडे…”

“मला मोजता येतं. माझं डोकं ठीक आहे, तुम्हीच सांगितलंत. पूर्ण सात, सात, सात. मी असेन तोवर मी बघेन. नसेन तेव्हा तुम्ही बघा. आणि ते कॅलेंडर आणून लावा भिंतीवर.”

मी कॅलेंडर लावलं. तिने वहीत तारीख लिहिली, अक्षर वाकडं आलं. हर्षद मंगळवारी आला. तिने त्याला जवळ बसवून कान धरला, “शहाणा झालायस फार,” एवढंच म्हणाली, आणि तो चाळीस वर्षांचा बाप्या तिच्या कुशीत तोंड खुपसून रडला.

त्यानंतर तिने सोलापूरला बहिणीला फोन केला, तासभर बोलली. चार जुन्या विद्यार्थिनी येऊन भेटून गेल्या. मला आमटीचा अंदाज शिकवला. कुठलं लुगडं नेसवायचं ते सांगितलं. आणि एका दुपारी, बाहेर डबा फिरत असताना, माझा हात धरून म्हणाली, “मला भीती वाटतेय हो.”

“मलाही,” मी म्हणालो.

एवढंच बोललो आम्ही. पण हे बोलायला आम्हाला त्याआधीचे अठरा दिवसही मिळाले असते. ते मी खाल्ले.

दुसऱ्या पावडरीचे सात दिवस पुरे झाले. भिंगाखाली तिला एकही ओरखडा सापडला नाही. “आता कसे,” म्हणाली, आणि दगड माझ्या हातात परत दिला. त्याच सोमवारी तिसरी पावडर टाकली, आणि शनिवारी सकाळी साडेआठला ती गेली. मी तिच्या ओठांना चमच्याने पाणी लावत होतो.

डॉक्टरांचे तीन आठवडे केव्हाच उलटून गेले होते, ती एकतीस दिवस जगली. वहीत लिहिलं होतं तसं, सात-सात दिवसांनी, मी ते दगड फिरवले असते, तर पहिल्याच खेपेला ते तिच्या जाण्याच्या सहा दिवस आधी तयार झाले असते. तिने ते हातात घेतले असते, कोरडे. हा हिशेब मी त्याच सकाळी केला. माणसाला अशा वेळी असलं सुचतं कसं, मला माहीत नाही, पण मला सुचलं, आणि रोज सुचतं.

माणसं जमायला लागली. बायका आत बसल्या, पुरुष अंगणात. रज्जाक मिस्त्री कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसत होता. आणि पडवीत खरड-घळ, खरड-घळ चालूच होतं. कुणीतरी म्हाताऱ्याने म्हटलं, “अरे, ते मशीन बंद करा. काय म्हणतील लोक.”

हर्षद उठला, पडवीत जाऊन बटणाकडे वाकला.

“राहू दे,” मी म्हणालो.

“बाबा, आईला खाली घ्यायचंय. माणसं आलीत.”

“येऊ देत. अजून दोन दिवस आहेत तिसरीचे.”

अंगणातलं बोलणं थांबलं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं असणार. हर्षद तसाच वाकून माझ्याकडे बघत राहिला. डब्याला कधी हातही न लावलेला माझा पोरगा. मग त्याने बटणावरचा हात काढला.

“आणि मग?” त्याने हळूच विचारलं.

“मग चौथी,” मी म्हणालो. “सात दिवस.”

त्याने मान हलवली, आणि आम्ही दोघं आत गेलो, तिला उचलायला.